व्हाळावर गोणींचा बंधारा घालायचा तर

आमची वाडी कुडाळ तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. डोंगरातून उतरलेला व्हाळ, म्हणजे ओढा, वाडीला वळसा घालून पुढे कर्ली नदीला मिळतो आणि कर्ली देवबागजवळ समुद्रात जाते. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळपास सगळा जून ते सप्टेंबर. उतार तीव्र, समुद्र जवळ. त्यामुळे जुलैत म्हशीही ज्या व्हाळात उतरत नाहीत, त्यात एप्रिलमध्ये नुसते धोंडे दिसतात. पावसानंतर पाझरत राहणारं पाणी दोन-तीन महिने जास्त टिकवणं आपल्या हातात आहे, आणि ते प्रत्येक वाडीने करावं असं मला मनापासून वाटतं.

भातकापणी आटोपली की लगेच कामाला लागा, दिवाळीच्या आसपास. आधी घातलात तर परतीचा पाऊस बंधारा घेऊन जाईल. डिसेंबर संपू दिलात तर अडवायला धार उरणार नाही.

जागा निवडायला घाई करू नका. माझे काका म्हणायचे, "आदी काठ बघ, मगे पाणी." दोन्ही काठ उंच आणि घट्ट हवेत, करंज-उंबराची मुळं धरून असलेले असतील तर उत्तम. पात्र अरुंद हवं, पण वरच्या अंगाला उतार कमी, म्हणजे फुगवटा लांबवर जातो. तळात पहार मारून बघा. हातभर खोलीवर कातळ किंवा चिकण माती लागली तर जागा चांगली. वाळूचा जाड थर असेल तर दुसरीकडे चला, पाणी बंधाऱ्याखालून निसटेल.

5 मीटर रुंदीच्या व्हाळाला मीटरभर उंचीसाठी सिमेंटच्या 100 ते 125 रिकाम्या गोणी धरा. मीटरच्या वर जाऊ नका. माती व्हाळाच्या काठाची खणायची नाही, काठ ढासळतो. ती शेताच्या कडेची किंवा मुरमाची आणा. नुसती वाळूही नको, तिच्यातून पाणी झिरपतं. गोणी पाऊण भरा आणि दाभण-सुतळीने तोंड शिवा. गच्च भरलेली गोणी दगडासारखी गोल राहते, शेजारणीला चिकटत नाही.

आता खरं काम. तळातला पालापाचोळा आणि सुटी वाळू काढून टाका. खालच्या दोन थरांत गोणींच्या तीन-तीन ओळी, मधल्या दोन थरांत दोन-दोन, वर एक-एक. विटांच्या भिंतीसारखे सांधे चुकवायचे. प्रत्येक थर पायांनी तुडवा, फटींत चिकण माती कोंबा. दोन्ही टोकं काठात हात-दीड हात खोल घुसवा, कारण बंधारा मधून क्वचितच फुटतो, तो काठाकडून सुटतो. वरच्या अंगाला ताडपत्री लावून तिची खालची कड मातीत दाबा. वरच्या थरात मध्ये एका गोणीइतकी जागा मोकळी ठेवा, तो सांडवा, जादा पाणी जायची वाट. त्याखाली मोठे धोंडे रचा, नाहीतर पडणारी धार पाया उकरते.

सांडवा कधीही बुजवू नका. खालच्या वाडीतल्या वैनींची चवळी आणि माडपोफळी त्याच धारेवर आहेत. धार किती आहे ते मोजायला 15 लिटरची बादली सांडव्याखाली धरा. 10 सेकंदांत भरली तर दिवसाला जवळजवळ 1 लाख 30 हजार लिटर पाणी खाली जातंय. बादली भरायला लागणारा वेळ वाढत गेला की पाटाच्या पाळ्या दोन्ही वाड्यांनी एकत्र बसून ठरवा. वायंगण, म्हणजे उन्हाळी, भात लावायचं की कुळीथ-भुईमुगावर भागवायचं, हेही त्याच बैठकीत बोला. साचलेल्या पाण्यात कपडे धुऊ नका, म्हशी सोडू नका. ही दोन्ही कामं बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला करा.

आठवड्यातून एकदा काठांच्या टोकांशी ओल वाढली आहे का ते पाहा. खेकड्यांची बिळं दिसली तर चिकण मातीने बुजवा.

मृग लागण्याआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, बंधारा काढून टाका. हे काम बहुतेक ठिकाणी राहून जातं. पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे वर येतात, त्यांना वाट मोकळी लागते. आणि उन्हाने जीर्ण झालेल्या गोणींचं प्लास्टिक तसंच ठेवलं तर थेट देवबागच्या किनाऱ्यावर जातं. माती शेतात पसरा, फाटक्या गोणी गोळा करून ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत द्या, धड असलेल्या झाडून, सुकवून माळ्यावर ठेवा. पुढच्या दिवाळीला निम्म्या तरी कामाला येतात.