गावच्या सोलर मायक्रोग्रिडवर स्कूटर चार्ज करायची तर टाइम कसा लावायचा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बॅटरीची स्कूटर रोज फुल चार्ज करायची गरजच नसते. 3 युनिटची बॅटरी असली अन् रोज शेत, दूध डेअरी, शाळा असं 25 किलोमीटर फिरणं झालं तर एका किलोमीटरला साधारण 30 वॅट-अवर धरले तरी पाऊण युनिटच जाते, म्हणजे 750 वॅटच्या चार्जरवर तासाभराचं काम. तरी लोकं रात्री जेवण झालं की प्लग खोचतात अन् सकाळीच काढतात. माझ्या मते मायक्रोग्रिड (गावापुरती पॅनल अन् बॅटरीवर चालणारी सामाईक वीज) बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, काहून की रात्री ती वीज पॅनलमधून नाही, ग्रिडच्या बॅटरीतून येते, एका बॅटरीतून काढून दुसऱ्या बॅटरीत भरायची त्यात काही वीज उष्णता होऊनच जाते. एक स्कूटर पूर्ण भरायला ग्रिडच्या बॅटरीतले जवळपास 4 युनिट लागतात, तेवढ्यात 75 वॅटचे पाच पंखे रात्रभर चालतात. मे महिन्यात कोणाच्या घरचे पंखे बंद पाडायचे हे आपणच ठरवतो मग.

तर पहिलं काम, घरातल्या वस्तू दोन भागात वेगळ्या करा. थांबू न शकणारं: लाइट, पंखा, फ्रिज, मोबाइल. थांबू शकणारं: गाडी, पाण्याची मोटर, इस्त्री, वाशिंग मशीन, गावातली पिठाची चक्की. दुसरा सगळा भाग सकाळी दहा ते तीन मधे टाकायचा, बस.

पण सगळेच अकराला सुरू झाले तर इन्वर्टर ट्रिप मारते, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप बंद पडते. समजा गावात 10 किलोवॅटचे पॅनल आहेत, उन्हाळ्यात पॅनल तापले अन् वर धूळ बसली की भर दुपारी हातात 7-8 च येते (पॅनल तापलं की दर डिग्रीमागं थोडं थोडं कमी देते, म्हणून चंद्रपूरच्या 45 डिग्रीत ऊन जास्त असूनही वीज तेवढी वाढत नाही). 5 एचपीची चक्की 3.7 किलोवॅट खाते अन् चालू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून चक्की चालू असली की गाड्यांची संख्या कमी. कॅनॉलच्या पाण्याची पाळी लावतो तशीच चार्जिंगची पाळी लावा, चार घरं आज, चार उद्या, वहीत लिहून मंदिराजवळ टांगा. एकदा दोन-तीन दिवसांचं चार्जिंग झालं की आपली पाळी दुसऱ्याला द्यायला जमते.

आपल्याकडं उन्हाळ्यात माणसं अकरालाच शेतातून घरी येतात अन् चारपर्यंत बाहेर निघत नाहीत, तोच चार्जिंगचा टाइम आहे. पण गाडी आल्या-आल्या प्लग लावू नका, बॅटरी तापलेली राहते, अर्धा तास सावलीत थंड होऊ द्या, टिनाच्या शेडखाली तर बिलकुल नाही. कापूस वेचणीत दुपारी घरी कोणी नसते तेव्हा बाजाराचा दिवस चार्जिंगला ठेवा.

ग्रिडचा कंट्रोलर (वीज कुठं कधी द्यायची ते सांभाळणारं यंत्र) स्मार्ट असेल तर त्यात दोन सेटिंग करून घ्या, दहाच्या आधी चार्जिंग सुरू नाही अन् ग्रिडची बॅटरी 60 टक्क्याखाली गेली की चार्जिंग पॉइंट आपोआप बंद. नसेल तर 16 अँपिअरचा टायमर लावा. साध्या एक्स्टेंशन बोर्डावर गाडी कधीच नाही, अर्थिंग नक्की पाहून घ्या.

गावात ग्रिड नसून महावितरणची लाइन अन् छतावर सोलर असलं तरी दुपारच सोयीची, स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर सवलत आहे. फक्त हे लक्षात ठेवा की साधं ऑनग्रिड सोलर (महावितरणच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं) लाइन गेली की स्वतःही बंद होते, ऊन कितीही असलं तरी, ते बंद लाइनवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक लागू नये म्हणूनच तसं बनवलं आहे. लाइन गेल्यावरही चार्जिंग पाहिजे तर हायब्रिड इन्वर्टर (लाइन नसतानाही पॅनल अन् बॅटरीवर चालणारा) अन् बॅटरी लागते.

जुलै-ऑगस्टमधे झड लागली की वीज निम्म्यावर येते. तेव्हा पाळी तीन दिवसांआड करा अन् आधी ज्याच्या घरी म्हातारं माणूस किंवा पेशंट आहे त्याची गाडी भरा, रात्री दवाखान्यात न्यायचं काम पडते.