वेबसाइट एजन्सीकडून करा, डोमेन मात्र स्वतःच्या नावावर घ्या

एजन्सीशी पुढे बिनसलं तर पहिलं अडकतं ते डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कारण बरेचदा ते त्यांच्याच खात्यातून घेतलेलं असतं. ओळखीतल्या एका मसालेवाल्या ताईंची पाकिटं छापून तयार होती आणि पाकिटावरचा वेबसाइटचा पत्ताच हातातून गेला. फार वाईट वाटलं.

१. काम सुरू होण्याआधी रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) स्वतःचं खातं उघडून डोमेन घ्या. बिल धंद्याच्या नावावर.

२. एजन्सीला पासवर्ड देऊ नका. त्यांच्याकडून नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे वळवायचं ते ठरवणारी नावं) मागून घ्या आणि खात्यात स्वतः भरा. बदल दिसायला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात.

३. डोमेन आधीच एजन्सीकडे असेल तर शेवटचा हप्ता देण्यापूर्वी डोमेन हलवण्यावरचं लॉक त्यांना काढायला सांगा आणि ऑथ कोड (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला लागणारा गुप्त कोड) मागा. नवं डॉट कॉम असेल तर पहिले ६० दिवस सहसा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं खातं असेल, तर त्यात वळवून घ्यायला सांगा.

एक जपा: रजिस्ट्रारकडच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल जोडू नका. नूतनीकरण राहिलं की तो ईमेलही बंद पडतो, मग पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठे? साधा जीमेल द्या.