एका सर्व्हरवर पंधरा बिनडिस्कचे संगणक: गावातल्या शाळेची लॅब

शाळेत धूळ खात पडलेल्या संगणकांची बहुधा हार्ड डिस्कच गेलेली असते, बाकी मशीन धडधाकट असतं. अशा प्रत्येक मशीनला नवी डिस्क घेत बसण्यापेक्षा एकच चांगला सर्व्हर ठेवावा आणि सगळी मशीनं नेटवर्कवरून त्याच्यावरच सुरू करावीत. १५ मशीनना चार कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५०० जीबी एसएसडी असलेला साधा डेस्कटॉप पुरतो. प्रोग्रॅम मुलांच्या मशीनवरच चालतात, सर्व्हर फक्त फाइली पुरवतो. म्हणून मुलांच्या मशीनमध्ये रॅम २ जीबी तरी हवी; ४ असली तर निवांत.

सगळ्या मशीनच्या नेटवर्क वायरी जोडणाऱ्या स्विचमध्ये मात्र काटकसर करू नका. सुरू होताना एक मशीन ३०० एमबी ओढतं असं धरलं, तर १५ मशीनचे साडेचार जीबी होतात. सर्व्हरची वायर १०० एमबीपीएसच्या स्विचला असेल तर साडेसहा मिनिटं जातात, गिगाबिट (१००० एमबीपीएस) स्विचवर तेच काम मिनिटाच्या आत होतं.

सर्व्हरवर डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स सिस्टिम टाका. त्यावर एलटीएसपी (बिनडिस्कची मशीनं नेटवर्कवरून सुरू करणारं सॉफ्टवेअर), डीएनएसमास्क (मशीनना बूटची माहिती देणारं) आणि एनएफएस सर्व्हर (फोल्डर नेटवर्कवर देणारा) बसवा. मुलांना लागणारं सगळं, म्हणजे लिबरऑफिस, मराठी कीबोर्ड वगैरे, आधी सर्व्हरवरच घालून घ्या. मग एलटीएसपीच्या डीएनएसमास्क, इमेज (सर्व्हरच्या सिस्टिमची नक्कल बनवणारी), आयपीएक्सई (नेटवर्क बूटचा मेनू), एनएफएस आणि इनिटआरडी (खाती व सेटिंग मशीनपर्यंत नेणारी) या आज्ञा याच क्रमाने चालवा. पुढे नवं सॉफ्टवेअर घातलं की इमेज पुन्हा बनवायची. नव्या मुलाचं खातं उघडलं की इनिटआरडी पुन्हा चालवायचं. ते राहिलं तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही.

मुलांच्या मशीनवर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर आणा आणि सिक्युअर बूट हा पर्याय बंद करा. आज चालू झालेलं मशीन उद्या पुन्हा डिस्क शोधत बसलं, तर नेटवर्कमागे लागण्याआधी मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. जुन्या मशीनमध्ये तो मेलेला असतो, त्यामुळे लाइन गेली की बायोस सेटिंग विसरतं. घड्याळही मागे जातं आणि मग ब्राउझर एकेक साइट असुरक्षित म्हणून नाकारतो. नाण्याएवढा स्वस्त सेल, पण अर्ध्या तक्रारींचं मूळ तोच.

एलटीएसपी मशीनना नेटवर्कचे (आयपी) पत्ते वाटायचं काम मूळ राउटरकडेच ठेवतं, स्वतः फक्त बूटची माहिती जोडतं. म्हणजे राउटर बंद पडला तर सर्व्हर चालू असूनही एकही मशीन उठणार नाही. म्हणून यूपीएसवर सर्व्हर, स्विच आणि राउटर हे तिघं हवेतच. मुलांची मशीनं बंद पडली तरी चालेल. त्यांचं फार तर न साठवलेलं काम जातं, पण सर्व्हर मधेच पडला तर सगळ्यांच्या फाइली धोक्यात. मुलांचं होम फोल्डर एनएफएसवर दिलंत तर 'सिंक' पर्याय ठेवा. 'असिंक'ने वेग वाढतो खरा, पण डिस्कवर लिहून होण्याआधीच 'झालं' असं कळवलं जातं, आणि तेवढ्यात लाइन गेली तर फाइल गेली.

मशीन तासाभराने गोठत असेल तर रॅम बघा. इमेज फक्त वाचण्यापुरती असते, त्यामुळे सिस्टिममधले तात्पुरते बदल रॅममध्येच साठतात. ब्राउझरचे वीस टॅब २ जीबीला पेलत नाहीत.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग गेलंय असं समजा. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून गळणारा थोडा करंट अर्थिंगवाटे जायला हवा; वाट नसली की तो पत्र्यावर उतरतो. विदर्भातली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल आटते. उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालत राहा, आणि मुळात खड्डा भरतानाच कोळसा-मीठ नीट घाला. कूलर आणि सर्व्हर एका बोर्डवर नकोत. कूलरचा झोतही सर्व्हरवर येऊ देऊ नका, ओल आणि धूळ मिळून पंख्यात चिखल होतो.

लॅब आणि ऑफिस वेगळ्या इमारतीत असतील तर मधे तांब्याची केबल ओढू नका. जवळ वीज पडली की त्याच वाटेने स्विच जळतो. तिथे ऑप्टिकल फायबर आणि दोन टोकांना फायबर-तांबं जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लावा. दर शनिवारी होम फोल्डरची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवा.