माइनक्राफ्टमध्ये बाखचा कोराल: आधी पट्टी बदला

नोट ब्लॉक (सूर वाजवणारा ठोकळा) आणि रिपीटर (सिग्नल थोडा उशिरा पुढे पाठवणारा) बनवता येतात, असं धरून चालतो. पहिल्याच दिवशी हँडेलच्या ‘हालेलुया’ला हात घालू नका. चार आवाजांचा (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास), संथ लयीतला कोराल, म्हणजे चर्चमधलं स्तोत्र घ्या. मी जर्मन संगीतकार बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या रचनेतला (१७२७) ‘ओ हाउप्ट फोल ब्लुट उंट वुंडन’ घेतो. चाल हान्स लिओ हास्लरची. १६०१ साली छापली तेव्हा ते चक्क प्रेमगीत होतं. बाखने ती या रचनेत पाचदा वापरली आहे. त्यातली हेच शब्द असलेली घ्या, म्हणजे पांढरी चारची.

आता पट्टी. सगळे इथेच अडकतात, मीही दोन आठवडे अडकलो होतो.

नोट ब्लॉकला २५ स्वर असतात: काळी तीनपासून दोन सप्तकं वरच्या काळी तीनपर्यंत. शून्य क्लिकला सर्वांत खालचा, मग दर क्लिकला अर्धा स्वर वर. सप्तक ठरतं खालच्या ब्लॉकवरून. माती असेल तर हार्प, लोकर असेल तर गिटार, म्हणजे एक सप्तक खाली. लाकूड असेल तर बास, दोन सप्तकं खाली. जो तो सांगतो, ‘बासच्या ओळीला लाकूड.’ मी ऐकलं आणि फसलो. लाकडाची वरची हद्द कोरालचा बास सारखा ओलांडतो. बाहेर गेलेले स्वर मी सप्तकभर खाली दाबले, तर ओळ जिना चढता चढता तळघरात कोसळायला लागली. मग तेवढेच स्वर लोकरीवर नेले, तर दर दोन मात्रांनी गाणारा माणूस बदलल्यासारखं वाटे.

उपाय साधा आहे. सोप्रानोचा सर्वांत वरचा स्वर पांढरी चार, म्हणजे हार्पच्या टोकापासून अर्ध्या स्वरावर. अख्खी रचना अर्धा स्वर चढवून काळी तीनवर आणा. सोप्रानो बरोबर २४व्या क्लिकला टेकतो, आणि लोकरीच्या खाली जेमतेम निसटणारी मंद्र पांढरी चार आता शून्य क्लिकवर बसते. सोप्रानो-आल्टो मातीवर, टेनर-बास लोकरीवर. लाकूड फक्त त्याहीखालच्या एखाददुसऱ्या स्वरापुरतं. सोप्रानोची पहिली ओळ अशी: १६, २१, १९, १७, १६, १४, १६. क्लिक मोजून करा. एक जास्त झाला तर मागे येता येत नाही, आणखी २४ क्लिक मारून वळसा घालावा लागतो.

बाकी सगळं सोपं. एका मात्रेला दोन रिपीटर, दोन्ही चारच्या खाचेवर: ०.८ सेकंद. आल्टो-टेनरच्या अर्ध्या मात्रा दोघांच्या मधून काढा. नोट ब्लॉकच्या डोक्यावर काही ठेवू नका, मुका होतो. दगडावर ठेवलात तर ढोल वाजेल. माझ्या पहिल्या ‘ब्लुट’वर तसा वाजला होता.

ओळीअखेरच्या फर्माटाला (स्वर लांबवण्याच्या खुणेला) दोन रिपीटर जादा घाला. स्वर लांबत नाही, विरतो. तो भरून काढायला पुन्हा वाजवू नका, खिळा ठोकल्यासारखं ऐकू येतं. आवाज ४८ ब्लॉकपलीकडे पोचत नाही, म्हणून रांग सरळ नेऊ नका, नागमोडी दुमडा आणि मधोमध उभे राहून ऐका.