पाढ्यांचा तक्ता भिंतीवरून खाली काढा

भिंतीवर चिकटवलेला तक्ता आठ दिवसांत कॅलेंडरसारखा होतो, मुलं त्याच्याकडे बघतच नाहीत. त्यापेक्षा १० × १० चा तक्ता चौकटीच्या वहीत मुलाच्याच हाताने करून घ्या. मग १, ४, ९, १६ अशी १०० पर्यंत जाणारी तिरकी रेघ रंगवायला सांगा आणि कागद त्याच रेघेवर दुमडून उजेडाकडे धरा. दोन्ही बाजूंचे सारखे आकडे एकमेकांवर बसतात. ‘सात आठी छप्पन’ येत असेल, तर ‘आठ साती’ वेगळं घोकायला नको, हे मुलाला तिथेच दिसतं.

आता १, २, ५ आणि १० च्या ओळी नि रकाने पेन्सिलीने खोडा, ते पाढे बहुतेक मुलांना येतातच. एकमेकांवर बसणाऱ्या जोड्या एकदाच मोजल्या, तर खऱ्या मेहनतीचे उरतात फक्त २१ गुणाकार! रोज त्यातले दोनच घ्या. चौकटीवर चिंचोका ठेवायचा, उत्तर सांगायचं, मग उचलून बघायचं. चुकलं तर रागावू नका, चिंचोका परत ठेवा.

तालावर पाढे म्हणणं मात्र सोडू नका. फक्त मध्येच ‘सहा नव्वे?’ विचारत जा, नाहीतर मूल दरवेळी ‘सहा एके’पासून सुरू करतं.