गुरुत्वीय लहरींच्या अभ्यासात यायचंय? आधी नॉइज ओळखायला शिका

गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे सूक्ष्म तरंग, टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणार हे ठरल्यापासून मराठवाड्यातल्या कॉलेजांमधली मुलंमुली मला एक प्रश्न हमखास विचारतात: सापेक्षतेचं गणित पक्कं नसेल तर या क्षेत्रात यावं का? जरूर यावं. मीही जिल्ह्याच्या गावी बीएस्सी करूनच इकडे आलो. आज डेटा तपासताना मला सापेक्षतेपेक्षा संख्याशास्त्र कितीतरी जास्त लागतं.

याचं कारण या यंत्रातच आहे. अमेरिकेतल्या लायगो डिटेक्टरची लेसर धावणारी प्रत्येक भुजा 4 किलोमीटर लांब आहे आणि गुरुत्वीय लहर गेली की तिच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका असतो. समुद्राच्या लाटा, दूरवरची रहदारी, आरशांच्या अणूंची उष्णतेने होणारी थरथर, हे सगळं त्यात मिसळतं. यालाच आम्ही नॉइज म्हणतो. 14 सप्टेंबर 2015 ला पहिल्यांदा पकडलेला सिग्नल जेमतेम 0.2 सेकंदांचा होता. सूर्याच्या 36 आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं 130 कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत विलीन झाली, त्याची ती खूण. अमेरिकेतल्या दोन्ही डिटेक्टरांवर ती सुमारे 7 मिलिसेकंदांच्या अंतराने उमटली, म्हणून तर विश्वास ठेवता आला. असा सिग्नल गोंगाटातून शोधण्यासाठी त्याचा अपेक्षित आकार आधी गणिताने काढायचा आणि तो डेटावर सरकवत जुळवून पाहायचा, या पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पायाभूत काम केलं. तेही पहिला सिग्नल मिळण्याच्या दोन दशकांहून अधिक आधी. हे मला आजही भारावून टाकतं.

सुरुवातीला लॅपटॉप, इंटरनेट आणि थोडं पायथन पुरतं. लायगोचा डेटा ओपन सायन्स सेंटरच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. 2015 च्या त्या घटनेची फाइल उतरवा, फूरिए रूपांतर करा (म्हणजे सिग्नल वेगवेगळ्या वारंवारितांत विभागा) आणि कोणत्या वारंवारितेला किती नॉइज आहे याचा आलेख काढा. 60 हर्ट्झला एक उंच सुळका दिसेल. ती अमेरिकेतली घरगुती वीज. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे औंढ्याच्या डिटेक्टरला 50 पाशी सावध राहावं लागेल. प्रत्येक सुळका कुठून आला हे शोधत बसण्यात माझा पहिला उन्हाळा गेला, आणि क्रमिक पुस्तकातलं फूरिए मला खरं तर तेव्हा कळलं.

प्रवेशाच्या वाटा बऱ्याच आहेत. आयुका आणि पुण्यातलंच रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र एनसीआरए सुट्टीत विद्यार्थ्यांना प्रकल्प देतात, दोघांची मिळून रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळाही असते. पीएचडीसाठी आयनॅट, जेस्ट, नेट, गेट या परीक्षांतलं कुठे काय चालतं ते त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा, नियम बदलत असतात. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला जा. 45 मीटर व्यासाच्या त्या 30 डिश फक्त रेडिओ खगोलशास्त्रापुरत्याच आहेत असं समजू नका. पल्सारच्या, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, ठोक्यांवरून अतिशय कमी वारंवारितेच्या गुरुत्वीय लहरींचा माग काढणाऱ्या, 2023 मध्ये जाहीर झालेल्या कामात जीएमआरटीचाही डेटा होता.

इंजिनिअरिंगच्या मुलांना मी जास्त आग्रहाने सांगतो. केंद्राने 2023 मध्ये लायगो-इंडियासाठी सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले, आणि वेधशाळा सुरू व्हायला 2030 उलटेल. एवढ्या लांब नळ्यांमधली निर्वात पोकळी टिकवणं, लेसर स्थिर ठेवणं, जमिनीची कंपनं आरशापर्यंत पोचू न देणं, या कामांना मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोलची माणसं लागतात. आज एफवायला असलेली मुलगी तेव्हा अगदी योग्य वयाची असेल.

एखाद्या संशोधकाला प्रकल्पासाठी ईमेल लिहाल तेव्हा "मला अवकाशाची लहानपणापासून आवड आहे" एवढ्यावर थांबू नका. तुम्ही काढलेला आलेख जोडा, कोड जोडा, आणि त्यातला न उमगलेला एखादा सुळका दाखवून हा कशाचा, असं विचारा. आलेख जोडलेला ईमेल मी आधी उघडतो.