‘स्पिल ओव्हर’ कसं वापरावं?

आधी धरण आठवा. जलाशय भरला की जादा पाणी सांडव्यावरून बाहेर पडतं. आपल्या ‘सांडवा’त जसं ‘सांडणं’ आहे, तसं त्याच्या इंग्रजी नावात, ‘स्पिलवे’त, ‘स्पिल’ आहे. मावेना म्हणून काठ ओलांडून पलीकडे गेलं, हे चित्र डोळ्यांपुढे असलं की निम्मं काम झालं.

आता वाक्य करण्याआधी बघा, भरून वाहिलंय की नुसतंच सांडलंय? मराठीत दोन्हीला ‘सांडलं’ चालतं, गोंधळ तिथेच होतो. हाताचा धक्का लागून कप कलंडला तर ‘आय स्पिल्ड द टी’. इथे ‘ओव्हर’ लावू नका. बादली भरली तरी नळ चालूच राहिला, तर ‘द वॉटर स्पिल्ड ओव्हर’. गॅसवरचं दूध उतू गेलं तर मात्र क्रियापदच बदलतं, ‘द मिल्क बॉइल्ड ओव्हर’, कारण ते उकळून वर आलेलं असतं.

मग पलीकडे म्हणजे कुठे, ते सांगा. त्यासाठी बहुतेक वेळा ‘इंटू’ लागतं. ‘द मीटिंग स्पिल्ड ओव्हर इंटू लंच’ म्हणजे बैठक लांबली आणि जेवणाच्या सुट्टीत घुसली. ऑफिसचा ताण घरात आला, एका देशातली लढाई शेजारी पोहोचली, तिथेही हेच. बातमी गावभर झाली तर ‘स्प्रेड’ पुरे, कारण तिथे कुठली हद्द ओलांडायची नसते.

सगळ्यात जास्त पाय घसरतो तो कर्मावर. मी स्वतः एका मेलमध्ये ऐटीत ‘वी स्पिल्ड ओव्हर द मीटिंग’ लिहिलं होतं. वाचणाऱ्याला वाटलं असेल, आम्ही सगळे बैठकीवर सांडलो! या अर्थाने हे क्रियापद कर्म घेत नाही. बैठक आपली आपण ओसंडते, म्हणून ‘वॉज स्पिल्ड ओव्हर’ हेही चुकीचं.

लिहिताना क्रियापद दोन शब्दांत, नाम मात्र जोडून, ‘स्पिलओव्हर’. निपाहसारखा विषाणू वटवाघळांकडून माणसात आला की शास्त्रज्ञ त्याला हेच नाम वापरतात. बातमीत ते दिसलं तर पाणी शोधू नका, ओलांडलेला काठ शोधा.